वागळे इस्टेटमधील शेड: एक जीप, एक वायरलेस सेट आणि एक नोंदवही

ठाण्याच्या वागळे इस्टेटच्या आतल्या गल्लीत, लेथ आणि पॉवर प्रेसच्या गाळ्यांमागे, एक लांबट पत्र्याची शेड आहे. दारावर पाटी नाही, आणि मालकांनी नाव छापू नये अशी विनंती केल्यामुळे मीही ते येथे लिहिणार नाही. जुन्या जीपचे काम करणारी शेड कोठे आहे, असे तेथील टर्नरला विचारले तर तो हातातले काम न थांबवता मानेनेच दिशा दाखवतो. सप्टेंबर 2023 मध्ये मी आमची घरची जीप तेथे दिली, पुढच्या वर्षी एक वायरलेस सेट दिला, आणि आता दोन्ही वस्तू घरी येऊन 2025 चा पावसाळा काढून झाला आहे. अशा कामाबद्दल पावसाळा गेल्याशिवाय लिहू नये असे माझे मत आहे, कारण रंग ताजा असताना सगळ्याच गाड्या चांगल्या दिसतात.

शेड चालवणारे गृहस्थ लष्कराची वाहने-यंत्रे दुरुस्त करणाऱ्या ईएमई कोअरमधून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले आहेत आणि सगळे त्यांना सुभेदारसाहेबच म्हणतात. शेडीच्या मागच्या अंगाला काचेचे पार्टिशन घालून वायरलेसचे टेबल मांडले आहे. तेथे त्यांच्या धाकट्या भावाच्या पत्नी काम करतात. त्या दूरसंचार खात्यातून निवृत्त झाल्या आहेत. शेडीतली मुले त्यांना वहिनी म्हणतात, म्हणून मीही वहिनीच म्हणते. याखेरीज एक डेंटर, एक वेल्डर आणि दोन शिकाऊ मुले, एवढाच सगळा संसार आहे.

आमची जीप फोर्ड जीपीडब्ल्यू आहे. रचना विलीज कंपनीची. पण दुसऱ्या महायुद्धाची मागणी एका कारखान्याला पुरी पडेना, तेव्हा तीच गाडी फोर्डकडूनही बनवून घेण्यात आली आणि 1941 ते 1945 या काळात दोन्ही कंपन्यांच्या मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बाहेर पडल्या. त्यांतल्या अनेक आपल्याकडे आल्या आणि युद्ध संपल्यावर डिस्पोजलमध्ये, म्हणजे लष्कराच्या जादा मालाच्या विक्रीत, येथेच विकल्या गेल्या. कल्याणजवळ त्या वेळी मोठी लष्करी छावणी होती. फाळणीनंतर तिथल्या बराकींत सिंधी निर्वासित येऊन राहिले आणि 1949 मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. आमच्या आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, जीप ‘कॅम्पातल्या डिस्पोजलमधून’ घेतली असे घरात सांगत आले आहेत. कागदांवरची पहिली नोंदणी 1951 ची आहे. पुढे मुरबाडला मामांनी ती भातगिरणीच्या कामासाठी वापरली आणि मग बरीच वर्षे ती गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभी होती.

या शेडीत येण्यापूर्वी मी ती दुसऱ्या एका गॅरेजला दिली होती, हे सांगणे भाग आहे, कारण दोन्ही कामांतला फरक त्याशिवाय कळणार नाही. त्या गॅरेजने चार महिन्यांत गाडी आरशासारखी चकचकीत करून दिली. पहिल्याच पावसाळ्यात ड्रायव्हरच्या पायाखालचा रंग फुगला. बोटाने दाबले तर पत्रा आत गेला. रंगाखाली पुट्टीचा जाड थर होता आणि पुट्टीखाली गंज तसाच ठेवलेला होता. त्याहून मोठे नुकसान म्हणजे युद्धकाळातली नऊ फटींची मूळ जाळी वाकलेली आहे म्हणून भंगारात गेली आणि तिच्या जागी नंतरच्या सिव्हिलियन जीपची सात फटींची जाळी आली. ती मूळ जाळी सरळ करता आली असती. याचे दुःख मला आजही आहे.

शेडीत गाडी नेल्यावर सुभेदारसाहेबांनी कामाचा आकडा सांगितला नाही. आधी तपासणी, तिचे 9,000 रुपये वेगळे, आणि तपासणीनंतर काम दिले नाही तरी चालेल, असे ते म्हणाले. तीन आठवड्यांनी मला मराठीत हाताने लिहिलेला अकरा पानांचा अहवाल आणि सोबत छायाचित्रे मिळाली. माझ्या मते या शेडीची सर्वांत मोलाची सेवा हीच आहे, आणि ज्यांना पुढचे काम दुसरीकडे करायचे असेल त्यांनीही निदान एवढे तरी येथे करून घ्यावे.

त्या अहवालातून मला माझीच गाडी नव्याने कळली. चॅसिस फोर्डची आहे, कारण रेडिएटरखालचा आडवा सांधा उलट्या यू आकाराच्या पट्टीचा आहे; विलीजमध्ये त्या जागी गोल नळी असते. बॉडीवरच्या बोल्टांपैकी सदतीस बोल्टांच्या डोक्यावर फोर्डचे एफ हे अक्षर अजून वाचता येते. इंजिन मात्र युद्धकाळातले नाही. ते त्याच घराण्यातले, 134 घनइंचांचे, म्हणजे सुमारे 2,200 सीसीचे आहे. पण पुढचे झाकण उघडल्यावर आत टायमिंगची चेन न दिसता गिअर दिसले, आणि गिअर हे युद्धानंतरच्या जीपचे लक्षण. मी खट्टू झाले. तेव्हा सुभेदारसाहेबांनी 1951 चा कागद पुढे ओढला आणि त्यावरचा इंजिन नंबर व ब्लॉकवरचा नंबर एकच असल्याचे दाखवले. म्हणजे आजोबांच्या हाती गाडी येण्याआधीच, किंवा येताच, हे इंजिन बसले होते. “मॅडम, हे इंजिन सत्तर वर्षं या गाडीत आहे. आता तेच हिचं,” एवढेच ते म्हणाले. युद्धकाळातला ब्लॉक शोधून बसवण्याचा विचार मी तेथेच सोडला.

काम सुरू झाले की शेडीत प्रत्येक गाडीची एक नोंदवही उघडली जाते. लांब, जाड पुठ्ठ्याची, किराणा दुकानात असते तशी. प्रत्येक सुट्या भागापुढे तीनपैकी एक अक्षर पडते: जुना तसाच ठेवला तर ‘जु’, दुरुस्त करून ठेवला तर ‘दु’, बदलला तर ‘न’. ‘न’ लिहिले की कारण लिहावे लागते आणि काढलेला भाग चिठ्ठी बांधून मालकाला परत द्यावा लागतो. माझ्या घरी आज दोन खोके भरून असे भाग आहेत. पुढेमागे ही गाडी ज्याच्या हाती जाईल त्याला कोणता तुकडा 1943 चा आणि कोणता 2024 चा हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही. बाहेर अनेक गाड्यांना हरियाणातल्या मंडी डबवालीच्या बाजारातली तयार बॉडी बसवून, वर पांढरा तारा काढून, युद्धातली जीप म्हणून मिरवले जाते. तशी गाडी हौसेने वापरायला कोणाचीच हरकत नसावी, पण तिला जुनी म्हणणे मला पटत नाही आणि सुभेदारसाहेबांनाही पटत नाही; पूर्ण नवी बॉडी बसवण्याचे काम ते घेतच नाहीत.

फ्लोअरचे काम मी शेजारी स्टुलावर बसून पाहिले. या जीपच्या फ्लोअरखाली पत्र्याला बळकटी देणाऱ्या टोपीच्या आकाराच्या पट्ट्या असतात आणि त्यांतल्या काहींच्या पोटात कारखान्यातच लाकूड भरलेले असे. लाकूड पाणी पिते, धरून ठेवते, आणि पट्टी आतून कुजते. बाहेरून हातोडीने वाजवले तर आवाज बरा येतो, म्हणून बहुतेक ठिकाणी ती तशीच राहते. येथे वेल्डरने स्पॉट वेल्डचा एकेक ठिपका ड्रिलने सोडवून पट्टी खाली घेतली. आतले लाकूड भिजलेल्या चहाच्या चोथ्यासारखे हातात आले, आणि त्याला जुन्या ग्रीसचा व मातीचा मिसळलेला वास होता. मधला एक तुकडा तेवढा टणक निघाला. तो त्यांनी वाळवून, पिशवीत घालून, नंबर टाकून मला दिला. नवी पट्टी त्याच जाडीच्या पत्र्याची वाकवली, आत लाकूड पुन्हा घातले पण तेल पाजून, आणि खालच्या अंगाला पाणी निथळायला दोन छिद्रे ठेवली. छिद्रे मूळ रचनेत नव्हती; नोंदवहीत त्याबद्दल स्वतंत्र ओळ आहे. ठाण्याची हवा खाडीची आहे, तेव्हा एवढी सूट घ्यायलाच हवी होती असे मला वाटते.

बोल्टांचा प्रश्नही असाच बारकाईने हाताळला गेला. जुन्या गॅरेजने कित्येक जागी मेट्रिक बोल्ट ठोकले होते. अडीच सुती, म्हणजे पाच सोळांश इंचाचा बोल्ट आणि 8 मिलिमीटरचा बोल्ट जाडीला जवळपास सारखेच असतात, त्यामुळे एक दुसऱ्याच्या भोकात दोनतीन आटे सहज जातो. पण या जीपवरच्या बारीक आट्याला इंचाला 24 फेरे असतात आणि मेट्रिकचा आटा सव्वा मिलिमीटरचा, त्यामुळे पुढे पाना जोराने फिरवला की भोकातले आटे चिरडले जातात. अशी एकोणीस भोके निघाली. त्यांतल्या चौदांमध्ये नवे आटे पाडून धातूच्या बुशी बसवल्या, पाच जागी वेल्डिंग भरून पुन्हा ड्रिल केले. शिकाऊ मुलांकडे सुतातले आणि मिलिमीटरचे पाने दोन वेगळ्या रंगांच्या पेट्यांत असतात, आणि एका गाडीवर दोन्ही पेट्या उघडलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत.

इंजिनाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. बोअरिंग, नवे पिस्टन, व्हॉल्व्ह सीट, नवे पॅकिंग हे काम कोणताही चांगला मशीनशॉप करू शकतो आणि येथेही ते बाहेरूनच करून आणले. उल्लेख करण्याजोगी गोष्ट पेट्रोलची. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. या इंजिनाचे कॉम्प्रेशन साडेसहाच्याही आतले असल्यामुळे जळण्याची अडचण येत नाही; अडचण येते ती रबराला. जुन्या प्रकारचा डायफ्रॅम (रबरी पडदा) आणि पाइप इथेनॉलने फुगतात, मऊ पडतात, आणि या जीपची टाकी तर थेट ड्रायव्हरच्या सीटखाली असते. शेडीने इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम आणि सगळे पाइप इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घातले, टाकी आतून साफ करून जुने वॉर्निश पूर्ण काढले, आणि गाडी पंधरा दिवसांहून अधिक उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर कोरडा करून ठेवण्याची ताकीद दिली. चालू गाडीचा पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप विझू द्यायचे, एवढेच ते काम आहे.

आता शेडीची चूक. ही जीप 6 व्होल्टची आहे. व्होल्टेज निम्मे म्हणजे तेवढ्याच ताकदीला विद्युतप्रवाह दुप्पट, म्हणून बॅटरीपासून स्टार्टरपर्यंतची केबल आजच्या गाड्यांपेक्षा पुष्कळ जाड लागते. गाडी घरी आल्यावर सकाळी ती व्यवस्थित सुरू होई, पण दुपारी इंजिन गरम असताना स्टार्टर अगदी मलूल फिरे. मी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा ‘बॅटरी चार्ज करून बघा’ असे उत्तर मिळाले. तिसऱ्यांदा गाडी घेऊनच गेले, तेव्हा सुभेदारसाहेबांनी केबलवर हात ठेवला, ती गरम लागली, आणि त्यांचा चेहरा बदलला. जाड केबल वेळेवर मिळाली नव्हती म्हणून मुलांनी तात्पुरती 12 व्होल्टच्या गाडीची केबल लावली होती आणि ती तशीच राहून गेली होती. नोंदवहीतही ती ‘न’ म्हणून लिहिलेली होती, पण जाडी लिहिलेली नव्हती. त्यांनी त्याच दिवशी केबल बदलली, अर्थिंगचा सांधा घासून नवा केला, पैसे घेतले नाहीत आणि चूक माझ्यासमोर नोंदवहीत लिहिली. तरीही पहिल्या दोन फोनवर नीट विचारपूस व्हायला हवी होती, हे मी त्यांना तोंडावर सांगितले आहे आणि येथेही नोंदवते.

रंगाच्या बाबतीत माझी आणि शेडीची बरीच चर्चा झाली. लष्करी जीप म्हटली की डोळ्यांपुढे ऑलिव्ह ग्रीन येतो. परंतु केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 121 प्रमाणे संरक्षण खात्याच्या गाड्यांखेरीज इतर मोटार वाहनांना तो रंग देता येत नाही. सुभेदारसाहेब या बाबतीत तसूभरही हलत नाहीत. कोणी ‘प्रदर्शनापुरता’ म्हणाले तरी ते नकार देतात, आणि ज्या माणसाने तो रंग नोकरीत मिरवला त्याच्या तोंडून तो नकार ऐकताना मला त्याचे वजन जाणवले. शेवटी वाळूच्या रंगाची फिकट छटा निवडली, बिनचमकीची. आधीचे रंग काढताना मागच्या चाकावरच्या टूलबॉक्सच्या आत, झाकणाच्या सावलीत, कारखान्यातला मूळ रंग तळहाताएवढा शिल्लक सापडला. तो त्यांनी घासला नाही. भोवती बारीक टेप लावून बाकीचा डबा रंगवला आणि त्या तुकड्यावर फक्त पारदर्शक लॅकरचा हात दिला. झाकण उघडले की तो दिसतो: मातकट, काळपट हिरवा, वर ब्रशचा एक ओरखडा. पाहुणे आले की मी सर्वांत आधी तेच झाकण उघडते.

नऊ फटींची जाळी परदेशातून नवी मागवावी लागली. नोंदवहीत तिच्यापुढे ठळक ‘न’ आहे. तिच्यामागे हेडलाइटांची मूळ बिजागरी मात्र आमचीच निघाली. या जीपचे हेडलाइट खिटी सोडून मागे उलटवता येतात आणि रात्री इंजिनावर उजेड पाडता येतो. ही सोय मुरबाडला मामांच्या रोजच्या वापरात होती, हे मला मामींनी सांगितले तेव्हा कळले.

नोंदणीबद्दल थोडक्यात. जुलै 2021 मध्ये केंद्राने 50 वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम आणले. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, फेरनोंदणीला 5,000 रुपये, मुदत 10 वर्षे, आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवण्याची मुभा. अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी नसते; प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणे, दुरुस्तीला नेणे एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. त्यातली महत्त्वाची अट म्हणजे चॅसिस, बॉडी आणि इंजिन मूळ स्वरूपात असावे, त्यांत मोठा फेरफार झालेला नसावा. येथे ती नोंदवही उपयोगी पडते. शेड आरटीओची कामे करून देत नाही, एजंटही सुचवत नाही; पण नोंदवहीची सही-शिक्क्याची प्रत आणि कामाच्या प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे देते. आमची गाडी सध्या जुन्याच नोंदणीवर आहे आणि व्हिंटेजचा अर्ज या प्रतींसह केला आहे.

वायरलेस सेटाची गोष्ट वेगळी आहे. नौपाड्यात आमच्या शेजारी एक आजोबा हौशी वायरलेसवाले, म्हणजे हॅम रेडिओवाले, होते. त्यांच्या पश्चात माळा रिकामा करताना ब्रिटिश रचनेचा, पण कॅनडात तयार झालेला 19 नंबरचा सेट निघाला आणि त्यांच्या मुलाने तो मला देऊ केला. हा सेट मुळात केंब्रिजच्या ‘पाय’ (Pye) कंपनीने दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यांसाठी तयार केला. एकाच पेटीत तीन कामे: लांब पल्ल्यासाठी 2 ते 8 मेगाहर्ट्झचा ए सेट, जवळच्या रणगाड्यांशी बोलण्यासाठी 235 मेगाहर्ट्झच्या आसपासचा बी सेट, आणि रणगाड्यातल्या माणसांसाठी इंटरकॉम. एकूण 15 व्हॉल्व्ह, म्हणजे ट्रान्झिस्टर येण्याआधीचे रेडिओचे दिवे. दर्शनी पट्टीवर इंग्रजीबरोबर रशियन अक्षरेही आहेत, कारण असे सेट सोव्हिएत सैन्यालाही पाठवले जात.

वहिनींनी पहिला प्रश्न परवान्याचा विचारला. ट्रान्समीटर असलेला सेट नुसता घरात ठेवायलाही परवाना लागतो, आणि तो दाखवल्याशिवाय त्या पेटीचे झाकणही उघडत नाहीत. म्हणून मी आधी हौशी वायरलेसची रिस्ट्रिक्टेड ग्रेडची परीक्षा दिली. परवाना हाती आला तेव्हा सेट माळ्यावरून थेट शेडीत गेला. हा आग्रह मला त्या वेळी जाचक वाटला होता, आता योग्य वाटतो.

जुन्या सेटाला थेट वीज दिली तर काय होते हे त्यांनी मला समजावून सांगितले. कागदी कंडेन्सर (वीज साठवणारे भाग) वर्षानुवर्षांच्या दमटपणाने गळू लागतात; आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवरचे व्होल्टेज त्यांतून झिरपून पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर जाते, तो व्हॉल्व्ह बेसुमार वीज ओढतो आणि आपल्याबरोबर ट्रान्सफॉर्मरलाही नेतो. या कॅनेडियन सेटांत दुसरे दुखणे वायरींचे असते. तारांवरचे रबर इतके ठिसूळ झाले होते की वहिनींनी चिमट्याने एक तार हलवली आणि रबराची पूड टेबलावर पडली. सगळी वायरिंग बदलावी लागली. कापडी वेष्टनाच्या, जुन्याच रंगांच्या तारा वापरून, जुन्याच वळणांनी. कंडेन्सर मात्र बाहेरून जुनेच दिसतात. वहिनी कंडेन्सरची प्रत्येक नळी गरम करून आतला कुजका गाभा काढतात, आत नवा लहानसा कंडेन्सर घालतात आणि तोंड मेणाने बंद करतात. एका सकाळी असे चारपाचच होतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या नव्या कंडेन्सरांची पाकिटे नोंदवहीत चिकटवलेली आहेत, म्हणजे कोणत्या नळीत काय आहे हे कळते. सोल्डरचा डाग देताना त्या बोलत नाहीत. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सोल्डरिंगची इस्त्री खाली ठेवल्यावर येते.

बी सेटाची फ्रिक्वेन्सी हौशी लोकांना दिलेल्या पट्ट्यात येत नाही, म्हणून त्याचे ट्रान्समिशन कायमचे बंद ठेवायचे ठरले. व्हॉल्व्ह काढून टाकणे सोपे वाटते, पण सेट 12 व्होल्टचा आणि व्हॉल्व्हचे हीटर 6.3 व्होल्टचे, म्हणून ते मालिकेत बांधलेले असतात; एक काढला की दुसऱ्याचा तोल जातो. वहिनींनी व्हॉल्व्ह जागेवर ठेवून फक्त त्या भागाचा उच्च व्होल्टेजचा पुरवठा सोडवला, टोकाला स्लीव्ह चढवली आणि लाल चिठ्ठी बांधली. उच्च व्होल्टेज देणाऱ्या फिरत्या जनित्राचे ब्रश नवे घातले, कॉम्युटेटरच्या खाचा सुईने साफ केल्या, वाळलेले ग्रीस काढले. जीप 6 व्होल्टची आणि सेट 12 चा, म्हणून मागच्या सीटखाली सेटासाठी स्वतंत्र बॅटरी ठेवण्याची लाकडी पेटी केली. जीपच्या वायरिंगला तिचा कोठेही स्पर्श नाही.

नोव्हेंबर 2024 मध्ये सेट पहिल्यांदा बोलला. आधी जनित्राची घरघर, मग व्हॉल्व्ह तापेपर्यंत काहीच नाही, आणि मग हेडफोनमध्ये पावसासारखी सरसर. वहिनींनी 7 मेगाहर्ट्झच्या आसपास डायल हळूहळू फिरवली. बदकासारखा अस्पष्ट आवाज आला, त्यांनी मोर्सचे संदेश ऐकू आणण्यासाठी असलेला हेटरोडाइन हा भाग चालू केला आणि त्या आवाजाचा माणूस झाला. कोणी एक जण दुसऱ्याला आपल्या गावच्या हवामानाबद्दल सांगत होता. वहिनींनी हेडफोन काढून माझ्या कानाला लावले आणि त्या उठून चहा सांगायला गेल्या.

खर्च आणि वेळ यांबद्दल स्पष्ट लिहिते. जीपचे एकूण 7,40,000 रुपये झाले. त्यांत परदेशी भाग आणि त्यांवरचे सीमाशुल्क धरून 2,10,000. सेटाचे 38,000. जीपला दहा महिने लागतील असे सांगितले होते, सतरा लागले. उशिराची कारणे खरी होती, पण ती आपणहून कळवली जात नाहीत. कामाच्या वेळेत फोन उचलला जात नाही आणि शनिवारी दुपारी जाऊन उभे राहिल्याखेरीज प्रगती कळत नाही. बिल उशिरा मिळते. पावसात शेडीसमोर पाणी साचते, त्या दिवसांत गाडी नेणे-आणणे टाळावे. ज्यांना चकाकी हवी आहे त्यांचीही येथे निराशा होईल. आमच्या बॉनेटवर एक जुना पोचा आहे, तो काढण्याची गरज नाही असे ठरवून त्यांनी तो तसाच ठेवला, आणि मला तो आवडतो, पण माझ्या भावाला आवडत नाही.

शेडीत मोठ्या गाड्याही येतात. माझ्या वेळी नेरूळच्या एका गृहस्थांची जोंगा ही लष्करी गाडी उभी होती, जबलपूरच्या वाहन कारखान्यात निसान कंपनीच्या ‘पॅट्रोल’ या गाडीवरून तयार झालेली, जवळजवळ चार लिटरच्या सहा सिलिंडरांच्या पेट्रोल इंजिनाची. तिचे काम आमच्यापेक्षा लवकर आटोपले, कारण जोंगा 1999 पर्यंत तयार होत होती आणि सुभेदारसाहेबांनी नोकरीत ती शेकड्यांनी उघडली आहे. शक्तिमान ट्रक मात्र जागेअभावी घेत नाहीत. नव्याने या छंदात येणाऱ्यांना ते आधी अहिल्यानगरचे कॅव्हलरी टँक म्युझियम पाहून यायला सांगतात. 1994 मध्ये सुरू झालेल्या त्या संग्रहालयातली जुनी चिलखती वाहने हाताच्या अंतरावरून पाहिली की आपल्याला नेमके काय जपायचे आहे ते ठरवता येते, असे त्यांचे म्हणणे आहे. मी जाऊन आले, आणि सल्ला योग्य आहे.

काम पूर्ण झाल्यावर वर्षाच्या देखभालीचे 14,000 रुपये ते वेगळे घेतात. त्यात पावसाळ्याआधी आणि नंतर अशा दोन भेटी येतात. जूनपूर्वी किंगपिन, कमानपाटे आणि प्रोपेलर शाफ्टचे सगळे निपल ग्रीसने भरतात, फ्लोअरखालच्या पट्ट्यांत मेणाचा फवारा मारतात, ब्रेक ऑइल बदलतात, कारण ते हवेतले पाणी ओढते आणि चाकाच्या सिलिंडरांना आतून गंज चढतो. ऑक्टोबरमध्ये ड्रम उघडून पाहतात. या जीपची रिम दोन भागांची, बोल्टांनी जोडलेली असते, म्हणून टायरचे काम ते मालकाला किंवा नाक्यावरच्या पंक्चरवाल्याला करू देत नाहीत. हवा पूर्ण न सोडता ते बोल्ट ढिले केले तर रिमचा अर्धा भाग अंगावर उडतो. रिमवर तशी सूचना मराठीत रंगवलेली आहे. सेटासाठी कपाटात कमी वॅटचा दिवा पावसाळाभर चालू ठेवायचा आणि महिन्यातून एकदा सेट तासभर चालवायचा, एवढेच वहिनींनी सांगितले आहे.

या ऑक्टोबरच्या भेटीत फ्लोअरखालच्या पट्ट्या आतून कोरड्या निघाल्या. उजव्या मागच्या ड्रममध्ये मात्र तेलाचा ओघळ होता. ऑइल सील गळत आहे. ते दिवाळीनंतर बदलायचे ठरले आहे. सध्या शेडीत तीन गाड्या रांगेत आहेत, तेव्हा नव्या लोकांनी आधी फक्त कागद आणि गाडीची छायाचित्रे घेऊन शनिवारी दुपारी जावे, गाडी नेऊ नये.